लिस्बन ते हेलसिंकी

(दोन गावांमध्ये अंतर किती आणि तेथे पोहोचायला वेळ किती लागतो, हे दोन प्रश्न आपण एकाच दमात विचारतो. अंतर एकच असले, तरी वेळ मात्र वेगवेगळा का लागतो? घड्याळातली वेळ आणि प्रवासाला लागणारा वेळ यांत फरक का पडतो? युरोपच्या दोन टोकांना असलेल्या दोन विमानतळांचे उदाहरण घेऊन या पाठात ही माहिती दिली आहे.)

मुलांनो, आपल्यापुढे विमानांचे एक वेळापत्रक आहे असे समजा. त्यात लिहिले आहे : लिस्बनहून सुटण्याची वेळ सकाळी १०.००, हेलसिंकीला पोहोचण्याची वेळ दुपारी ४.३०. त्याच्याच खाली परतीच्या विमानाची वेळ दिली आहे : हेलसिंकीहून सुटण्याची वेळ सकाळी १०.००, लिस्बनला पोहोचण्याची वेळ दुपारी १.००.

हे वाचून कोणीही म्हणेल, ‘‘जाताना साडेसहा तास आणि येताना फक्त तीनच तास! परतीचे विमान दुप्पट वेगाने उडते की काय?’’

तसे मुळीच नाही. दोन्ही विमाने सारख्याच वेगाची आहेत. खरे सांगायचे, तर जाताना साडेचार तास लागतात आणि येताना पाच. म्हणजे कागदावर जो प्रवास लहान दिसतो, तोच प्रत्यक्षात मोठा आहे! हे कोडे कसे सुटते ते पाहू.

प्रथम ही दोन शहरे कोठे आहेत ते नकाशात शोधा. लिस्बन ही पोर्तुगाल देशाची राजधानी. युरोपच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला, टेगस नदीच्या मुखाशी आणि अटलांटिक महासागराजवळ हे शहर वसले आहे. १४९७ साली वास्को-द-गामा हिंदुस्थानचा समुद्रमार्ग शोधण्यासाठी येथूनच निघाला होता. त्याला कालिकतला पोहोचायला दहा महिन्यांहून अधिक काळ लागला. हेलसिंकी ही फिनलंडची राजधानी. ती युरोपच्या ईशान्य भागात, बाल्टिक समुद्राच्या काठी आहे. तेथील विमानतळ शहराच्या उत्तरेस वान्ता येथे आहे. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक सामने झाले, त्याच वर्षी तो सुरू झाला. लिस्बनचा विमानतळ त्याहून दहा वर्षे जुना, म्हणजे १९४२ सालचा आहे.

आता घड्याळाकडे वळू. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. एका फेरीला, म्हणजे ३६० अंशांना, तिला २४ तास लागतात. म्हणून १५ अंशांना एक तास आणि एका अंशाला चार मिनिटे, असा हिशेब होतो. लिस्बनचा विमानतळ सुमारे ९ अंश पश्चिम रेखांशावर आहे आणि हेलसिंकीचा सुमारे २५ अंश पूर्व रेखांशावर. दोहोंत ३४ अंशांचे अंतर पडते. त्यामुळे हेलसिंकीला सूर्य डोक्यावर आल्यानंतर सुमारे सव्वादोन तासांनी तो लिस्बनला डोक्यावर येतो. व्यवहाराच्या सोयीसाठी प्रत्येक देश आपली प्रमाणवेळ ठरवतो. फिनलंडची प्रमाणवेळ पोर्तुगालच्या प्रमाणवेळेपेक्षा दोन तासांनी पुढे आहे. उन्हाळ्यात दोन्ही देश घड्याळे एक तास पुढे करतात. पण दोघेही ती एकदमच पुढे करत असल्यामुळे दोन तासांचा फरक कायम राहतो.

आपल्या देशात सर्वत्र एकच प्रमाणवेळ आहे. मुंबईहून कोलकात्याला गेले, तरी घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत. म्हणून असे कोडे आपल्याला देशातल्या प्रवासात कधी पडत नाही. युरोपात मात्र चार-पाच तासांच्या प्रवासातही घड्याळ बदलते.

आता वेळापत्रक पुन्हा पाहा. लिस्बनहून विमान सकाळी दहाला निघाले, तेव्हा हेलसिंकीच्या घड्याळात बारा वाजले होते. बारा ते साडेचार म्हणजे साडेचार तास. परतीचे विमान हेलसिंकीहून दहाला निघाले, तेव्हा लिस्बनच्या घड्याळात सकाळचे आठच वाजले होते. आठ ते एक म्हणजे पाच तास. वेळापत्रकात प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते, ही एक गोष्ट लक्षात घेतली की अर्धे कोडे सुटले.

या ठिकाणी मराठी भाषेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. उर्दूत दोन्ही अर्थांनी ‘वक्त’ म्हणता येते. मराठीत मात्र ‘ती वेळ’ आणि ‘तो वेळ’ वेगळे आहेत. ‘विमान सुटण्याची वेळ झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा घड्याळातला नेमका क्षण सांगतो. ‘प्रवासात फार वेळ गेला’ असे म्हणतो, तेव्हा मधला काळ सांगतो. वेळापत्रक आपल्याला ‘ती वेळ’ सांगते. ‘तो वेळ’ आपण स्वतः हिशेब करून काढायचा असतो.

‘ती वेळ’ माणसे ठरवतात, त्यामुळे ती बदलूही शकते. पोर्तुगालने १९९२ साली आपली प्रमाणवेळ एक तासाने पुढे नेऊन मध्य युरोपाच्या वेळेशी जुळवली. मग लिस्बनला ऐन हिवाळ्यात सूर्य उगवायला सकाळचे जवळजवळ नऊ वाजू लागले. १९९६ साली देश पुन्हा जुन्या वेळेवर आला. त्या मधल्या वर्षांत फिनलंड आणि पोर्तुगाल यांच्या घड्याळांत एकाच तासाचा फरक होता. आपले दहाचे विमान तेव्हा असते, तर ते हेलसिंकीला साडेचारऐवजी साडेतीनला पोहोचले, असे वेळापत्रकात छापले गेले असते. प्रवासाला लागणारा वेळ मात्र साडेचार तासच राहिला असता.

आता राहिले उरलेले अर्धे कोडे. जाताना साडेचार तास आणि येताना पाच तास का? त्यासाठी आधी अंतर किती ते पाहू.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून लिस्बन आणि हेलसिंकी सरळ रेषेने जोडली, तर तोच सर्वांत जवळचा रस्ता असे आपल्याला वाटते. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशाचा कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरायला गेलो, तर ती कोठे ना कोठे फाटते किंवा ताणली जाते. नकाशाचेही तसेच असते. मर्केटर या भूगोलतज्ज्ञाने १५६९ साली जगाचा एक प्रसिद्ध नकाशा तयार केला. त्या पद्धतीच्या नकाशात दिशा बरोबर कळते, म्हणून खलाशांना तो फार उपयोगी पडला. परंतु त्यात उत्तरेकडचे देश खऱ्या आकारापेक्षा पुष्कळ मोठे दिसतात आणि त्यावरची सरळ रेषा बहुधा सर्वांत जवळचा रस्ता नसते.

खरा जवळचा रस्ता पाहायचा असेल, तर पृथ्वीगोल घ्या. एक दोरा लिस्बनवर धरा आणि तो ताणून हेलसिंकीवर टेकवा. तो ताणलेला दोरा म्हणजेच सर्वांत कमी अंतराचा मार्ग. या मार्गाला भूगोलात बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. हा दोरा पोर्तुगालवरून आणि स्पेनच्या वायव्य भागावरून निघतो, बिस्केचा उपसागर ओलांडतो आणि फ्रान्सवरून बेल्जियममध्ये येतो. प्रवासाचा बरोबर मध्यबिंदू ब्रसेल्स शहराच्या अगदी जवळ पडतो. पुढे नेदरलँड्स, उत्तर जर्मनी, डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडन यांवरून बाल्टिक समुद्र पार करून दोरा हेलसिंकीला पोहोचतो. मर्केटरच्या नकाशावर पट्टीने काढलेली रेषा मात्र ब्रसेल्सच्या पूर्वेला सुमारे अडीचशे किलोमीटरांवरून, जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीच्या भागातून जाते.

दोऱ्याच्या मार्गाने हे अंतर सुमारे ३,३६५ किलोमीटर भरते. मुंबई ते दिल्ली या हवाई अंतराच्या ते जवळजवळ तिप्पट आहे. पट्टीच्या रेषेने गेल्यास त्यात तीसएक किलोमीटरांची भर पडते. इथे हा फरक थोडा वाटतो. पण शहरे जितकी दूर आणि जितकी उत्तरेला, तितका तो वाढत जातो. मोटारीने जायचे झाल्यास मात्र चार हजार किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो आणि शेवटी समुद्र ओलांडण्यासाठी बोटीत बसावे लागते.

गोल पृथ्वीवरची अंतरे आणि दिशा काढण्याचे गणित विमानांच्या फार आधीचे आहे. इ.स. ९७३ मध्ये ख्वारिझम प्रदेशात जन्मलेल्या अल्-बीरूनी या थोर विद्वानाने १०२५ साली या विषयावर एक ग्रंथ पूर्ण केला. शहरांचे अक्षांश, रेखांश आणि त्यांच्यामधली अंतरे यांवरून गझनी शहरापासून किबल्याची दिशा कशी काढावी, हे त्याने गोलावरच्या भूमितीने दाखवले. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती, की अचूक घड्याळ नव्हते. आज विमानातला संगणक एका क्षणात जे अंतर काढतो, त्याच्या मुळाशी याच प्रकारची भूमिती आहे.

विमान मात्र दोऱ्यावरून अगदी तंतोतंत जात नाही. आकाशातही ठरलेल्या वाटा असतात. वाटेत वादळ असेल, लष्कराच्या सरावासाठी एखादा भाग बंद असेल किंवा विमानांची गर्दी असेल, तर वळसा घ्यावा लागतो. युरोपातल्या या वाहतुकीचा मेळ घालण्यासाठी १९६० साली झालेल्या कराराने ‘युरोकंट्रोल’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय ब्रसेल्सलाच आहे. कधी कधी राजकारणामुळेही वाट लांबते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा रशियाने आपले आकाश युरोपीय देशांच्या विमानांना बंद केले. हेलसिंकीहून टोकियोला जाणारी विमाने पूर्वी रशियावरून सुमारे साडेनऊ तासांत पोहोचत. त्यानंतर त्यांना वळसा घालून जाण्यासाठी सुमारे तेरा तास लागू लागले. दोन्ही शहरे जागची हलली नव्हती. लांबली होती ती वाट.

आता वाऱ्याचा विचार करू. प्रवासी विमाने साधारणपणे दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. युरोपच्या आकाशात त्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. हेलसिंकीकडे जाणाऱ्या विमानाला हा वारा पाठीमागून ढकलतो आणि लिस्बनकडे येणाऱ्या विमानाला तो समोरून अडवतो. नदीत प्रवाहाबरोबर होडी लवकर जाते आणि प्रवाहाविरुद्ध वल्ही मारून हात दुखतात, तसाच हा प्रकार आहे.

हिशेब करून पाहू. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वाऱ्याची मदत ताशी ५० किलोमीटर धरू. मग जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ताशी ९०० किलोमीटर झाला. ३,३६५ भागिले ९०० म्हणजे ३ तास ४४ मिनिटे. येताना तोच वारा विरुद्ध, म्हणून वेग ताशी ८०० किलोमीटर. ३,३६५ भागिले ८०० म्हणजे ४ तास १२ मिनिटे. याशिवाय विमान आपल्या जागेवरून धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाते, चढताना व उतरताना कमी वेगाने उडते आणि थोडा वळसाही घेते. त्यासाठी सुमारे पाऊण तास मिळवा. जाताना साडेचार तास, येताना पाच तास! आपले कोडे पूर्ण सुटले.

मुलांनो, हा हिशेब केवळ गंमत म्हणून करायचा नसतो. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. विमानाला आकाशात कोठे थांबून इंधन भरता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच नीट विचार करून इंधन घेतात. प्रवासापुरते इंधन तर हवेच. पण वळसा पडला तर, ठरलेला विमानतळ बंद असल्यास दुसऱ्या विमानतळावर जावे लागले तर, आणि त्याशिवाय शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके, असे राखीव इंधनही बरोबर ठेवावे लागते.

१२ जुलै २००० या दिवशी काय घडले ते ऐका. ग्रीसच्या क्रीट बेटावरील खानिया येथून एक विमान जर्मनीतील हॅनोव्हरकडे निघाले. आत सुमारे दीडशे माणसे होती. उड्डाण झाल्यावर विमानाची चाके पूर्णपणे आत गेलीच नाहीत. बाहेर राहिलेल्या चाकांना हवेचा विरोध होऊ लागला आणि इंधन फार वेगाने जळू लागले. वैमानिकांनी तरीही प्रवास चालू ठेवला. इंधन कोठवर पुरेल हे विमानातला संगणक सांगत होता; पण चाके बाहेर असल्याची गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. इंधन पुरणार नाही हे लक्षात आल्यावर विमान व्हिएन्नाकडे वळवण्यात आले. धावपट्टी अगदी जवळ आली असताना इंधन संपले आणि इंजिने बंद पडली. विमान धावपट्टीच्या काही शे मीटर अलीकडेच गवतावर आदळले. विमानाची मोडतोड झाली. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही.

त्या दिवशी क्रीट आणि हॅनोव्हर यांच्यामधले अंतर एक किलोमीटरनेही वाढले नव्हते. बदलली होती ती परिस्थिती. संगणकाने उत्तर बरोबर काढले होते. पण ते चाके आत असलेल्या विमानाचे उत्तर होते.

म्हणून कोणत्याही प्रवासाचा विचार करताना चार गोष्टी विचाराव्यात. अंतर कोणत्या वाटेने मोजले आहे? वेळ कोणत्या गावच्या घड्याळाची आहे? वारा आणि हवामान कसे आहे? आणि ठरवल्याप्रमाणे घडले नाही, तर हाताशी शिल्लक काय आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर प्रवासी वेळेवर पोहोचतो. चौथ्याचे उत्तर ज्याने आधीच तयार ठेवले आहे, तो सुखरूप पोहोचतो.

शब्दार्थ

नैर्ऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांमधली दिशा
ईशान्य – उत्तर आणि पूर्व यांमधली दिशा
प्रमाणवेळ – देशात किंवा त्याच्या एखाद्या भागात सर्वत्र मानली जाणारी एकच वेळ
पृथ्वीगोल – पृथ्वीची गोल प्रतिकृती
तंतोतंत – अगदी बरोबर, जसेच्या तसे
वळसा – सरळ न जाता फिरून जाण्याची वाट
मेळ घालणे – एकमेकांशी जुळवून घेणे
राखीव – अडचणीच्या वेळेसाठी बाजूला ठेवलेले
घिरट्या घालणे – एकाच जागेभोवती गोल गोल फिरणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिस्बन ही कोणत्या देशाची राजधानी आहे?
(आ) पृथ्वीला १५ अंश फिरायला किती वेळ लागतो?
(इ) लिस्बन ते हेलसिंकी या मार्गाचा मध्यबिंदू कोणत्या शहराजवळ पडतो?
(ई) अल्-बीरूनीने आपल्या ग्रंथात कोणती दिशा काढून दाखवली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) हेलसिंकीहून लिस्बनला येताना विमानाला अधिक वेळ लागतो.
(आ) मुंबईहून कोलकात्याला गेल्यावर घड्याळ बदलावे लागत नाही.
(इ) क्रीटहून निघालेले विमान हॅनोव्हरला पोहोचू शकले नाही.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सपाट नकाशावरची सरळ रेषा आणि पृथ्वीगोलावरचा दोरा यांत काय फरक आहे?
(आ) विमानात राखीव इंधन का ठेवतात?

प्र. ४. हिशेब करा.
दोन शहरांमध्ये २,७०० किलोमीटर अंतर आहे. विमानाचा वेग ताशी ७५० किलोमीटर आणि वाऱ्याचा वेग ताशी १५० किलोमीटर आहे. वारा पाठीमागून असल्यास किती वेळ लागेल? समोरून असल्यास किती वेळ लागेल?

भाषाभ्यास
कंसातील योग्य शब्द निवडून वाक्ये पूर्ण करा.
(अ) शाळा भरण्याची वेळ ...... . (झाला, झाली)
(आ) गप्पा मारण्यात माझा बराच वेळ ...... . (गेला, गेली)
(इ) गाडी सुटण्याची ...... वेळ आहे? (कोणता, कोणती)
(ई) अभ्यासाला ...... वेळ द्या. (थोडा, थोडी)

उपक्रम
(१) या पाठातील नकाशा, हवा, हिशेब, कागद यांसारखे उर्दूतही वापरले जाणारे आणखी पाच मराठी शब्द शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
(२) वर्गातील पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामधला जवळचा मार्ग शोधा. तो कोणकोणत्या देशांवरून जातो ते वहीत लिहा.